विश्लेषण : ‘देवाची मर्जी’ म्हणजे नेमके काय? प्लेगचे क्रॉस, मोतमाऊली आणि न मिळालेल्या उत्तरांवरची ख्रिस्ती श्रद्धा

खारदांड्याच्या कोळीवाड्यातून बाहेर पडून चुईम गावठाणात किंवा पुढे पाली, शेर्ली, रनवारच्या गल्ल्यांत शिरले, की थोड्याथोड्या अंतरावर क्रॉस दिसतात. कुठे चौथऱ्यावर, कुठे दोन घरांच्या मधल्या बोळात, कुठे नव्या इमारतीच्या कुंपणाला खेटून. मे महिन्यात संध्याकाळी याच क्रॉससमोर शेजारीपाजारी जमतात आणि रोझरी म्हणतात. मुंबईच्या गावठाणांतले असे बरेच क्रॉस १८९६ मध्ये शहरात आलेल्या प्लेगच्या काळात उभे राहिले. माणसे मरत होती आणि ती का मरत आहेत हे कुणालाच सांगता येत नव्हते, तेव्हाची ही बांधकामे.

संकट टळले तर ‘देवाने वाचवले’ आणि टळले नाही तर ‘देवाची मर्जी’, असे आपण सहज बोलून जातो. ख्रिस्ती धर्मात मात्र या दुसऱ्या वाक्यामागे दोन हजार वर्षांचा वाद आहे. देवाचे शहाणपण माणसाच्या आकलनापलीकडचे आहे, म्हणून उत्तर मिळाले नाही तरी त्याच्यावर भरवसा ठेवावा, असा हा विचार. तो नेमका काय सांगतो? त्यात आणि नशिबावर हवाला ठेवण्यात फरक काय? आणि तो धोकादायक कधी ठरतो?

गावठाणांतले क्रॉस प्लेगशी कसे जोडलेले आहेत?

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातल्या एका रुग्णाला ब्युबॉनिक प्लेग झाल्याचे निदान डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. साथ तिथे थांबली नाही. त्यानंतरच्या काही दशकांत देशभरात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

तेव्हा विज्ञान अर्ध्या वाटेवर होते. प्लेगचा जीवाणू अलेक्झांडर येरसां यांनी हाँगकाँगमध्ये १८९४ मध्येच शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे ठाऊक नव्हते. उंदरांवरच्या पिसवा त्याचा प्रसार करतात, हे पॉल लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये प्रयोगाने दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे साथ पेटली तेव्हा दूषित हवा, सांडपाणी, धान्याची गोदामे, शेजारी अशा सगळ्यांवरच संशय होता.

मुंबई, साष्टी आणि वसई परिसरातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांनी या काळात गावाच्या वेशीवर, चौकात, विहिरीजवळ क्रॉस उभारले. साथीपासून रक्षण व्हावे म्हणून सामूहिक प्रार्थना झाल्या. युरोपातही प्लेगच्या काळात संत रॉक आणि संत सेबास्टियन यांचा धावा करण्याची जुनी प्रथा होती. तीच श्रद्धा इथल्या मातीत, इथल्या मराठी बोलीत उतरली.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ज्यांनी प्लेग ओळखला ते डॉ. व्हिएगस स्वतः गोव्यातल्या हडफड्याचे कॅथलिक होते. त्यांनी वस्त्यांची स्वच्छता आणि उंदरांचा नायनाट यांसाठी आग्रह धरला आणि हजारो लोकांना लस टोचली. त्यांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ आजही उभा आहे. क्रॉस उभारणारे हात आणि सूक्ष्मदर्शकाला लागलेला डोळा एकाच धर्मपरंपरेतले होते. त्या परंपरेला त्यात विसंगती का वाटली नाही, हे समजले तर या श्रद्धेचा अर्धा उलगडा होतो.

बायबल याबद्दल काय सांगते?

या विचाराचा सर्वात मोठा आधार म्हणजे ‘ईयोब’ हे जुन्या करारातले पुस्तक. ईयोब सज्जन आहे. तरीही एकामागून एक संकटे कोसळून त्याची गुरेढोरे, नोकरचाकर, मुले आणि शेवटी आरोग्यही जाते. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस ते गप्प बसून राहतात. पुस्तकातला त्यांचा सर्वात शहाणपणाचा काळ तोच. तोंड उघडल्यावर मात्र ते हिशेब मांडतात : तुझ्यावर संकट आले, त्याअर्थी तू पाप केले असणार.

ईयोब हे मान्य करत नाही. तो देवालाच जाब विचारतो. अडतिसाव्या अध्यायापासून देव बोलू लागतो, पण ‘तुझ्यावर हे का आले’ याचे उत्तर देत नाही. उलट प्रश्न विचारतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? समुद्राला दारे कुणी लावली? खोल पाण्यातल्या त्या महाकाय जलचराला तू गळ टाकून ओढशील काय? रोज समुद्रात जाणाऱ्या माणसाला हा शेवटचा प्रश्न फोड करून सांगावा लागत नाही. दर्याचा अंदाज बांधता येतो, दर्या मुठीत घेता येत नाही.

महत्त्वाची गोष्ट शेवटी येते. देव रागावतो तो प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाच्या वतीने सोपी उत्तरे देणाऱ्या त्याच्या मित्रांवर.

हाच धागा पुढे चालतो. यशया संदेष्टा सांगतो, की देवाचे विचार आणि मार्ग माणसाच्या विचारांहून तितके उंच आहेत, जितके आकाश पृथ्वीहून. नीतिसूत्रे सांगतात, की फक्त स्वतःच्या बुद्धीवर विसंबू नये. पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात देवाच्या ज्ञानाची खोली मोजता येत नाही असे म्हणतो. करिंथकरांना लिहिताना तो धूसर आरशाची उपमा देतो : आज अंधूक दिसते, पुढे समोरासमोर दिसेल. पौलाला स्वतःला कसलीशी शारीरिक पीडा होती. ती जावी म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. ती गेली नाही, त्याऐवजी ती सोसण्याचे बळ मिळाले, असे तो सांगतो.

संकट म्हणजे पापाची शिक्षा, असे ख्रिस्ती धर्म मानतो का?

लोकसमजुतीत असे मानणारे ख्रिस्ती पुष्कळ आहेत, इतर धर्मांतही आहेत. पण शुभवर्तमानातला येशू हे गणित दोनदा मोडतो.

पहिला प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातला. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. दुसरा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानातला. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे दगावली होती. ती माणसे शहरातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न करून येशूच ‘नाही’ असे उत्तर देतो. इमारत कोसळल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचणाऱ्या मुंबईकराला हा दोन हजार वर्षांपूर्वीचा संवाद ताजा वाटेल.

थोडक्यात, ज्याच्यावर संकट आले तो दोषी, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार माणसाला नाही. ‘आपल्याला सगळे कळत नाही’ या नम्रतेचा पहिला उपयोग हाच. ती दुसऱ्याचा न्याय करण्यापासून थांबवते.

देव दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल, तर दुःख का?

तत्त्वज्ञानातला हा सर्वात जुन्या प्रश्नांपैकी एक. देव दुःख थांबवू शकत नसेल तर तो सर्वशक्तिमान कसा? थांबवू शकत असून थांबवत नसेल तर दयाळू कसा?

जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्झ यांनी १७१० मध्ये यावर ग्रंथ लिहिला. शक्य असलेल्या सर्व जगांपैकी हेच सर्वोत्तम, असा त्यांचा दावा होता. पुढे १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी लोक चर्चमध्ये असताना, लिस्बन शहरात प्रचंड भूकंप झाला. त्यामागोमाग समुद्र शहरात शिरला आणि आगी लागल्या. हजारो माणसे मेली. ‘हेच सर्वोत्तम जग’ म्हणणाऱ्यांची व्होल्तेर यांनी १७५९ च्या ‘कांदीद’ या कादंबरीत यथेच्छ टर उडवली.

आजची कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका लाइबनिट्झसारखी ठाम नाही. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात या प्रश्नाला झटपट उत्तर पुरे पडणार नाही, असे सरळ म्हटले आहे. त्या शिकवणुकीचे तीन भाग करता येतात.

पहिला, वाईट गोष्ट देव घडवत नाही. माणसाला स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यातून होणारे वाईट तो घडू देतो. दुसरा, वाईटातूनही चांगले उभे करणे त्याला शक्य आहे, पण म्हणून वाईट हे चांगले ठरत नाही. तिसरा, अमुक माणसाच्या वाट्याला अमुक दुःख का आले, हे बहुतेक वेळा या जन्मी कळत नाही.

इथे ‘देवाने केले’ आणि ‘देवाने होऊ दिले’ यांतला फरक महत्त्वाचा आहे. टीकाकारांना तो शब्दच्छल वाटतो. मूल गमावलेल्या आईला या दोन्हींत काय फरक पडतो, असा त्यांचा सवाल आहे आणि तो बिनतोड आहे. चर्चही तो निकाली काढल्याचा दावा करत नाही. देव दुःखाबाहेर उभा राहून बघत नाही, क्रूसावर तो स्वतःच ते सोसतो, एवढेच ते सांगते. हे तर्काने दिलेले उत्तर नव्हे. ती सोबत आहे.

मग हे ‘नशीब’च नाही का?

वरवर पाहता तसे वाटते. पण दोन ठळक फरक आहेत.

नशिबाला कान नसतात. त्याच्याशी भांडता येत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र भांडायला जागा आहे. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे म्हणजे उघड तक्रारी आहेत : कुठे आहेस, किती दिवस, मला विसरलास काय. गेथशेमाने बागेत येशू स्वतःवरचे संकट टळावे अशी विनंती करतो आणि मगच पित्याच्या इच्छेला मान तुकवतो. क्रूसावर तर तो ‘मला का सोडलेस’ असा आक्रोश करतो. म्हणजे ‘तुझी इच्छा’ हे वाक्य रडून, मागून, भांडून झाल्यावर येते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. दुष्काळात घरची माणसे गमावलेल्या तुकारामांचे विठ्ठलाशी भांडण आपण चारशे वर्षे ऐकत आलो आहोत. तिथेही भांडण आहे, कारण नाते आहे.

दुसरा फरक कृतीचा. नशीब मानणारा हातावर हात ठेवून बसू शकतो. देवाची योजना मानणाऱ्याला त्या योजनेत आपलेही काम आहे असे मानावे लागते. बायबलमध्ये सैतान येशूला मंदिराच्या कळसावर नेऊन सांगतो, की उडी टाक, देव झेलेल. येशू नकार देतो, कारण असा प्रयोग म्हणजे विश्वास नसून देवाची परीक्षा घेणे आहे. वादळाचा इशारा असताना होडी बाहेर काढून ‘दर्या सांभाळेल’ म्हणणे याच प्रकारात मोडते.

महाराष्ट्रात हा विचार कुणी जगून दाखवला?

सर्वात ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गमावले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षेही झाली नसताना, पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. कडेवर लहानगी मनोरमा होती. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हे स्पष्ट दिसते. चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानणे त्यांना मंजूर नव्हते. देवापुढे मान तुकवणे आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांपुढे मान तुकवणे यांत त्यांनी कायम अंतर राखले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग आला. तिथल्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांची कशी आबाळ होते, यावर त्यांनी १८९७ मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. देवावर पूर्ण भरवसा आणि सरकारला थेट प्रश्न, असे दोन्ही एकाच बाईच्या ठायी होते. केडगावचे मुक्ती मिशन याच काळात आकाराला आले.

सगळ्यात कठीण प्रसंग अखेरीला आला. ज्या मनोरमेवर संस्थेची भिस्त होती, ती जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करत होत्या. त्यांनी ते चालू ठेवले, पूर्णत्वास नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. उत्तरावाचून त्यांचे काम अडले नाही, एवढे मात्र दिसते.

मोतमाऊलीला मेणाची वस्तू वाहतात, ती इच्छा पूर्ण झाली नाही तर?

खारदांड्यातली बहुतांश कोळी कुटुंबे हिंदू आहेत. तरीही ८ सप्टेंबरच्या सुमारास भरणाऱ्या वांद्र्याच्या जत्रेत किनाऱ्यावरचे कोळी, हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही, पिढ्यानपिढ्या जातात. माउंट मेरीचे सध्याचे चर्च १९०४ मधले आणि १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. पण कोळ्यांसाठी ती ‘मोतमाऊली’. मूर्ती समुद्रात सापडेल असे एका कोळ्याच्या स्वप्नात आले आणि ती खरोखरच सापडली, अशी आख्यायिका आहे.

पायऱ्यांजवळच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घर, बाळ मिळते. पाय दुखत असेल तर पाय वाहायचा, मूल हवे असेल तर बाळ. इथे श्रद्धेची खरी कसोटी लागते. बाळ वाहिले आणि बाळ झाले नाही तर?

चर्चची शिकवण अशी, की प्रार्थना म्हणजे सौदा नव्हे. मेणाची वस्तू ही किंमत नाही, मागणे बोलून दाखवण्याची एक रीत आहे. मागणे पूर्ण झाले नाही, म्हणजे श्रद्धा कमी पडली असे नाही. येशूचे स्वतःचे गेथशेमानेतले मागणे पूर्ण झाले नाही, हे इथे आठवावे लागते. ‘विश्वास कमी पडला म्हणून आजार बरा झाला नाही’ असे सांगणारे प्रचारक आज यूट्यूबवर भरपूर आहेत. ते ईयोबाच्या मित्रांचीच भाषा बोलत असतात.

कोविडमध्ये काय दिसले?

मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली. त्या वर्षीचा ईस्टर, १२ एप्रिल, मुंबईतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा पाहून साजरा केला. सप्टेंबरमध्ये वांद्र्याची जत्रा भरली नाही. अंत्यसंस्काराला मोजकीच माणसे, शेवटचे दर्शनही नाही, असे दिवस होते.

२७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात, पावसात, एकटे उभे राहिले. रोममध्ये १५२२ च्या प्लेगच्या वेळी मिरवणुकीत नेलेला लाकडी क्रूस त्यांनी तिथे आणला होता. त्यांनी निवडलेला उतारा मार्कच्या शुभवर्तमानातला होता. वादळात होडी बुडू लागली आहे, येशू मागच्या बाजूला झोपला आहे आणि घाबरलेले मच्छीमार शिष्य त्याला उठवून विचारतात, की आम्ही मरतोय याची तुला फिकीर नाही का?

हा उतारा निवडण्यामागचा अर्थ सरळ होता. देव झोपल्यासारखा वाटणे हा अनुभव नवा नाही आणि तो बोलून दाखवणे पापही नाही. मात्र प्रार्थनेबरोबर कृतीही होती. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने कोविडची लस घेण्यास नैतिक हरकत नसल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०२१ मध्ये पोपनी लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचे सांगितले. १८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तेव्हाही लोकांत प्रचंड धास्ती होती. देवावरचा भरवसा हे लस नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, ही भूमिका सव्वाशे वर्षांनंतर स्पष्ट शब्दांत मांडली गेली.

विज्ञानाने उत्तर दिल्यावर ‘गूढ’ उरते का?

पिसवांचा शोध लागल्यावर प्लेगचे गूढ संपले. मग देवाच्या अगम्य शहाणपणाची गरज काय? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला सर्वात धारदार उत्तर एका ख्रिस्ती विचारवंतानेच दिले. नाझींच्या तुरुंगातून १९४४ मध्ये लिहिलेल्या पत्रांत जर्मन धर्मगुरू डीट्रिश बोनहोफर यांनी इशारा दिला, की माहितीतली भोके बुजवण्यासाठी देवाचा वापर करू नका. विज्ञान पुढे सरकेल तसा असा देव मागे मागे ढकलला जाईल. बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आले.

याचा अर्थ ‘कसे’ आणि ‘का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्लेग कसा पसरतो, याचे उत्तर सिमाँ यांनी दिले. पण एकाच चाळीतल्या दोन मुलांपैकी एक वाचले आणि दुसरे का गेले, या आईच्या प्रश्नाला पिसवांचा अभ्यास पुरत नाही. काही जण म्हणतील, की या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच नाही, तो निव्वळ योगायोग आहे. श्रद्धावान म्हणेल, उत्तर आहे, पण माझ्यापाशी नाही. हा फरक प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

संत ऑगस्टीन यांच्याबद्दल मध्ययुगापासून एक आख्यायिका सांगितली जाते. किनाऱ्यावर एक मूल वाळूतल्या खड्ड्यात शिंपल्याने समुद्र भरत होते. हे कसे जमेल, असे ऑगस्टीननी विचारले. तुझ्या डोक्यात देव मावेल त्याआधी हे जमेल, असे उत्तर मिळाले. यात विचार थांबव असे म्हटलेले नाही. ऑगस्टीन त्यानंतरही आयुष्यभर लिहीतच राहिले. समुद्र मावत नाही म्हणून कुणी त्यात जाळे टाकायचे थांबत नाही.

हा विचार धोकादायक कधी ठरतो?

माणसाने केलेल्या गोष्टी देवाच्या नावावर खपवल्या जातात, तेव्हा. खारदांड्याच्या मच्छीमारांपुढे आज जे प्रश्न आहेत ते पाहा. जाळ्यात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त, नाल्यांतून समुद्रात जाणारे सांडपाणी, वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूच्या कामामुळे होड्यांच्या वाटा आणि मासेमारीच्या जागा यांवर घेतलेले आक्षेप, कोळीवाड्याच्या जमिनीचे प्रश्न. यांतले काहीही अगम्य नाही. प्रत्येकामागे निर्णय, कागद आणि सह्या आहेत.

इथे ‘देवाची मर्जी’ म्हणणे म्हणजे जबाबदार माणसांना मोकळे सोडणे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर काढलेल्या परिपत्रकात हीच बाजू मांडली होती. निसर्गाचा नाश ही माणसाची करणी आहे आणि त्याची झळ सर्वात आधी गरिबांना बसते, असे त्यात म्हटले आहे. प्लेगच्या वेळीही हेच होते. पिसू कुणालाही चावत असली, तरी दाटीवाटीच्या चाळीत राहणारा बंगल्यात राहणाऱ्यापेक्षा जास्त मरत होता. त्यात गूढ काहीच नव्हते.

म्हणून सोपी कसोटी अशी : जे आपल्याला कळू शकते आणि बदलता येते, तिथे या श्रद्धेची ढाल पुढे करायची नाही. ती उपयोगी पडते ते सगळे प्रयत्न संपल्यानंतर.

दुःखात असलेल्या माणसाशी मग काय बोलावे?

गावठाणात कुणी गेले की घरी प्रार्थनेला शेजारी जमतात. महिन्याने त्या व्यक्तीसाठी मिस्सा होते. या भेटींत ‘देवाला चांगली माणसे लवकर लागतात’, ‘यात काहीतरी चांगलेच असेल’ अशी वाक्ये हमखास ऐकू येतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्याला मात्र ती टोचतात, कारण जे स्वतःला कळलेले नाही ते कळल्यासारखे बोलणारा सांगत असतो.

ईयोबाच्या पुस्तकातून निघणारा धडा इथे कामाचा आहे. देवाचे शहाणपण आपल्या आकलनापलीकडचे आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने दुसऱ्याच्या दुःखाचे कारण सांगू नये. ‘यातही देवाची काही योजना असेल’ असे ज्याच्यावर वेळ आली त्याने स्वतः म्हटले, तर ती श्रद्धा. तेच दुसऱ्याने त्याला ऐकवले, तर तो उपदेश. शेजारी बसावे, जेवणाचा डबा न्यावा, दवाखान्याचे आणि पालिकेचे कागद करायला मदत करावी. बोलायला काही सुचले नाही, तर त्या तीन मित्रांनी पहिले सात दिवस जे केले तेवढेच करावे.